नातीच्या चपलेतला खिळा

सौभाग्यवती कारभारणीस अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे, खोकलाही कमी आहे. तुझा गुडघा कसा आहे? उगाच जिना चढू नकोस.

नात मजेत आहे. रोज वेणीचा नवा प्रकार, कानात गाणी आणि पाय अनवाणी. काल शेजाऱ्यांसमोर मी तिच्यावर ओरडलो, "चपला शिवणाऱ्याची नात अनवाणी हिंडते, लोक मला हसतात."

ती म्हणाली, "आजोबा, मला फरशीचा गारवा आवडतो."

मी तिला शिवून दिलेल्या चपलेवरून आज हात फिरवला. खिळ्याचं टोक वर आलं होतं. माझ्या नजरेला ते दिसलंच नव्हतं. पोरीची टाच सोलली आहे, पण माझं मन मोडू नये म्हणून ती बोलली नाही.

खिळा काढला, पण तिच्यासमोर जायला तोंड नाही. इकडे लेकाकडे निघताना तुलाही चप्पल शिवून दिली होती. तू काही बोलली नाहीस. खरं सांग, तीही टोचते का?

तुझा म्हातारा