कंपनीची वायर

बाबा, मी कंपनीची वायर कापली. एक नाही, दोन. आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीतली नाही, तुमच्याच पांढऱ्या गाडीतली, जिच्या गाण्याच्या टेपला तुम्ही कधी कुणाला पेचकस लावू दिला नाही. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण आडून आडून सांगितलेलं तुम्हाला आवडत नसे. राग आला तर येऊ द्या. तुम्ही गेल्यावर नऊ वर्षं मी तो राग सांभाळला, आता पुरे.

मी पहिल्यांदा वायर कापली तो दिवस तुमच्या लक्षात राहिला होता की नाही, मी कधी विचारलं नाही. मी तेरा वर्षांची आहे. ब्रह्मपुरीच्या आपल्या टेपदुरुस्तीच्या दुकानात उजेड कमी, म्हणून नाजूक काम तुम्ही घरी आणता, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. आईचा जुना मसाल्याचा डबा तुमच्या कामाचा झालेला आहे. पुढचे स्क्रू हळदीच्या वाटीत, मागचे जिऱ्याच्या, मधले मोहरीच्या. शाळेत अक्षरं गिरवायच्या आधी मी तिथे बसून शिकले होते की पांढरी वायर डाव्या स्पीकरची, लाल उजव्या. एका ठेकेदाराच्या जीपचा टेप उघडून तुम्ही हात धुवायला मोरीवर गेलात. एक वायर फार ताणलेली दिसली. मी ती कापली आणि मधे तुकडा जोडला. जोड चांगला होता, बाबा. आजही सांगते, चांगला होता.

"कोणं सांगतलं तुले?"

"ताणून राह्यली होती, बाबा. तुटली असती."

"कंपनीनं देल्ली वायर आपली नोहे. उद्या काही झालं तं तो म्हणन, याच्या पोरीनं कापली. चाल, सांग त्याले."

तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून ठेकेदाराच्या दारात नेलंत. त्याने टेप लावून पाहिला आणि हसला. "अजी भाऊ, गाणं वाजून राह्यलं ना? मंग लेकराले काऊन रडवता?" तुम्ही हसला नाहीत. तेव्हापासून कटर हातात घेतला की मी तीनदा पाहते, मग ठेवून देते. दोन वर्षांनी तुम्ही मला माझी स्वतःची कावी, वायरींना सोल्डरिंगचा डाग द्यायची, आणून दिलीत आणि देताना म्हणालात, "जोडाले देतो, कापाले नाई." मला तेव्हा ती मोठी शाबासकी वाटली होती.

तुम्ही गेलात, दुकान मी चालवलं. टेप साफ करणं, बेल्ट बदलणं, स्पीकर बसवणं, सगळं तुमच्या पद्धतीने. शेवटी तुमची ती कॅसेट लावायची, जिच्यात तुम्ही स्वतःच्या आवाजात भरून ठेवलं होतं, "डावा... डावा... आता उजवा." योग्य बाजूने योग्य शब्द आला की गाडी द्यायची. पण हळूहळू कॅसेट मिळेनाशा झाल्या. लोक अंगठ्याएवढ्या एमपीथ्रीच्या डबीत शेकडो गाणी घेऊन यायला लागले. त्यांना नवा सेट नको असतो, कारण जुन्या गाड्यांचा टेप डॅशबोर्डाच्या आकारातच घडवलेला, तो काढला की तिथे भगदाड पडतं. मी त्यांना वायर न कापता जमणारे उपाय दिले. कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर दिला, तो खड्ड्यांच्या रस्त्यावर गाण्यापेक्षा जास्त खडखडला. रेडिओवरून ऐकवणारा ट्रान्समीटर दिला, तो गाव जवळ आलं की दुसऱ्याच स्टेशनाखाली दबला. तिसरा उपाय मला ठाऊक होता. टेपच्या आत, आवाज वाढवायच्या बटणाआधी, डाव्या-उजव्या आवाजाच्या दोन वायरी कापून तिथून गाणं आत सोडायचं. मी प्रत्येकाला म्हणाले, जमत नाही. ते नागपूरला जाऊन करून आले. काका म्हणाले, दुकान भाड्याने दे, पोरीच्या जातीला हे जमायचं नव्हतंच. जमत नाही असं तर मीच सगळ्यांना सांगत होते.

मग मी एकदा परत पाठवलेले अहेरीचे एक म्हातारे मास्तर दुसऱ्यांदा आले. त्यांनी गावोगावच्या बायकांची भाताच्या रोवणीची गाणी कॅसेटवर भरून घेतली होती आणि पुतण्याने ती डबीत घालून दिली होती. "बाई, यातल्या अर्ध्या बाया मरून गेल्या," ते म्हणाले. "गाडीत एकटा असतो तवाच मले आयकू येते. घरी टीव्ही. तुह्या बापानं हा टेप तीनदा सुधारला. तुले नाई येत का तू भेतेस, येवढंच सांग." मी म्हणाले, भेते. ते म्हणाले, "मंग हप्त्यानं येतो."

घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "आपल्याच गाडीतली वायर काप ना आंधी. बापाची गाडी हाये ते, देवाचा रथ नाई."

मी वायरी कापल्या. टेप गाडीतून काढून आणला, खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात, मसाल्याचा डबा शेजारी ठेवून. तीनदा पाहिलं, पण या वेळी कटर मी ठेवून दिला नाही. आणि कापताना मला जे कळलं ते तुम्हाला ऐकावंच लागेल. तुम्ही घाबरायचात, बाबा. ठेकेदाराला, कंपनीला, उद्या कोण काय म्हणेल त्याला. तुमची भीती तुम्ही मला नियम म्हणून शिकवलीत, आणि त्या नियमाने तुमचंच दुकान बंद पडत आलं होतं. मी अगदी लहान स्विच बसवला, एकीकडे डबीतलं गाणं, दुसरीकडे टेप. आत कॅसेट फिरत असल्याशिवाय हा सेट जागा होत नाही, म्हणून एक कॅसेट घालावी लागते. ती आत गपगुमान फिरते आणि वर दुसरंच गाणं वाजतं. कोऱ्या कॅसेट दुकानात होत्या. मी तुमची घातली.

सेट गाडीत परत बसवून गाणं लावलं तेव्हा आई अंगणातून ओरडली, "अवो, इथी येऊन राह्यला आवाज!" मास्तरांची गाडी पुढच्या हप्त्यात झाली. त्यांनी दार बंद करून एक अख्खं गाणं आत बसून ऐकलं, काच खाली केली आणि म्हणाले, "बापापरस पुढं गेली तू." मी नाही म्हणाले नाही. त्यानंतर किती गाड्या आल्या विचारू नका, काकांना विचारा, ते आता गिऱ्हाइकं पाठवतात. कोणती वायर कुठे कापली ते मी कागदावर काढून प्रत्येकाच्या हातात देते आणि खाली सही करते. पोरीनंच कापली.

हे सगळं ताठ मानेने लिहिलं. एक राहिलं. गाणं वाजल्यावर मी स्विच टेपच्या बाजूला केला होता. टेपच्या झिजलेल्या हेडमधून तुमचा आवाज पाण्याखालून यावा तसा आला, "डावा," आणि तो उजवीकडून आला. सेट पालथा ठेवून काम करताना मी दोन वायरी उलट जोडल्या होत्या. आपल्या जुन्या गाण्यांत दोन्हीकडे सारखाच आवाज, त्यामुळे कुणाला कळत नाही. लोकांच्या गाड्यांत मी दोनदा तपासते, तिथे डावा डावीकडेच आहे. तुमच्या गाडीतलं सरळ करायला दहा मिनिटं पुरतील. केलेलं नाही, कारण मग तुम्हाला रागवायला काही उरणार नाही. दुकान उघडायच्या आधी मी रोज गाडीत बसते, स्विच टेपकडे करते आणि अजून चुकलेलंच आहे ना, याची खात्री करून घेते.