पोटात गणपती बसलेलं मशीन

प्रिय अपेक्षा,

रोह्याला तुमचा कारखाना पाहून परतल्यापासून तुला चार ओळी लिहीन म्हणतोय. इकडे पेणला बरं चाललंय. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, पण बोलणं कमी झालेलं नाही. शेडमध्ये सोनी, मालू आणि बाकीच्या तिघी नेहमीसारख्या जुनी वॉशिंग मशीनं खोलत बसल्यात. तुमच्या कंपनीचा करार माझ्या पुढ्यात आहे. त्यातलं चौथं कलम म्हणतं, यापुढे माझा सगळा माल न खोलता तुमच्या यंत्राकडे पाठवायचा आणि शेडमधलं काम बंद. म्हणजे या पाच जणींनी घरी बसायचं.

तुझं यंत्र मला आवडलं, हे आधी सांगतो. कॅमेऱ्याने मॉडेल ओळखतं काय, कुठला स्क्रू कुठे ते पाठ काय. लोखंडी हात फिरला की तांबं एकीकडे, प्लास्टिक दुसरीकडे. सायकलवर भंगार गोळा करणाऱ्याची पोर ते चालवते, छाती फुगली माझी. पण आमच्या ट्रकमधलं तिसरं मशीन आलं आणि तो हात अडला. स्क्रू सापडेना. लाल दिवा, पुन्हा सुरू, पुन्हा लाल दिवा. तुझे साहेब लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले. माल उतरवायला आलेली सोनी पिवळ्या पट्ट्याबाहेर उभी होती. तिने वाकून मशीनवर बोटाचं पेर आपटलं आणि मला म्हणाली, "शेट, याच्या पोटात गणपती बसलाय. या शहाण्याला पेण ठाऊक नाय वाटतं."

आवाजावरून मलाही कळलंच होतं. आपल्याकडे मूर्तीच्या कारखान्यांत जुनं वॉशिंग मशीन प्लास्टर ढवळायला घेतात. उरलेलं आत थिजतं आणि स्क्रू गाडले जातात. तुमच्या यंत्राला मशीन कुठल्या कंपनीचं ते कळतं, म्हातारपण कुठे काढलं ते कळत नाही. सोनीने बुडाशी हातोडीचे चार ठोके दिले, प्लास्टरची ढेकळं गळून पडली आणि यंत्राने मुकाट सगळे स्क्रू काढले. सगळे हसले. तूही हसलीस, शाळा सुटल्यावर सोनीशेजारी बसून स्क्रू निवडायचीस तेव्हा हसायचीस तशी.

मग साहेब तुझ्याकडे झुकून म्हणाले, "म्हाताऱ्याची सही होऊ दे, मग या बायकांचं काही काम नाही." यंत्राच्या घरघरीत मला ऐकू जाणार नाही असं त्यांना वाटलं. अगं, गल्लीच्या तोंडाशी सायकल उभी करून कुणाच्या घरातला मिक्सर शेवटच्या घटका मोजतोय ते ओळखणारा माणूस मी. त्यांचं ऐकलं. तू "हो सर" म्हणालीस, तेही ऐकलं.

म्हणून सही केलेली नाही. चौथं कलम खोडून शेजारी माझ्या अक्षरात दुसरं लिहिलंय. पाचही जणी तुमच्या यंत्राच्या आधी बसतील, प्रत्येक मशीन वाजवून पाहतील, आणि तुमच्या कंपनीच्या हजेरीपटावर असतील. तुला मान्य असेल तर आधी त्याखाली तू सही कर, मग मी करतो. नसेल तर माझा ट्रक रोह्याच्या वाटेवर वडखळच्या पुढे येणार नाही. साहेबांना भांडायचं असेल तर शेडमध्ये यावं, चहा मी पाजीन. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "बाबा" म्हणतेस आणि मी कबूल होऊन बसतो. म्हणून पत्र, आणि म्हणूनच ते टपालाने नाही. हे तुझ्या हातात देणारी सोनी अजून समोरच उभी असेल. हो की नाही, ते आता तिच्या तोंडावर सांग.

तुझाच,
बाबा