फ्रान्सची पाटी जपानला

४ सप्टेंबर
मामाचं उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. माळीकामातून त्याला दीड महिना सुट्टी. म्हणजे जगभरच्या गुलाबांची अख्खी बाग माझ्या ताब्यात! बल्गेरिया, इराण, फ्रान्स, जपान. एकेक वाफा एकेक देश. मामा म्हणाला, डोकं चालवू नकोस, नुसतं पाणी घाल. ठरलं. दीड महिना शहाण्यासारखं वागायचं.

५ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ
फ्रान्स-जपानच्या पाट्यांची अदलाबदल केली. हात शिवशिवत होते, माझा काय दोष?

९ सप्टेंबर
शाळेची सहल. फ्रान्सपुढे उभ्या राहून बाई म्हणाल्या, बघा रे, किती ही जपानी नजाकत! मी म्हटलं, इथे वाकून नमस्कार करायची पद्धत आहे. सगळी पोरं वाकली. बाईपण. हसून हसून पोट दुखलं.
पाट्या उद्या जागेवर.

१६ सप्टेंबर
मामाचा फोन. मामीचा गुलाब कसा आहे? मजेत, म्हटलं. जपानमधलं पाचवं झाड ते. चांगल्या गुलाबाचा डोळा काढून रानगुलाबाच्या खुंटात बसवायचा, वर पट्टी बांधायची, याला डोळा भरणं म्हणतात. मामीने भरलेला हा शेवटचा. पट्टी सुटायच्या आधीच ती गेली.
पाट्या उद्या नक्की. आईशप्पथ.

२८ सप्टेंबर
छाटणी. ठेकेदाराच्या माणसांनी सगळे देश गुडघ्याएवढे केले. आता फ्रान्स कोण नि जपान कोण, कुणाच्या बापाला कळणार नाही. म्हणजे पाट्यांची घाईच संपली. बरं झालं.

३ ऑक्टोबर, दुपारी बारा
उठायला उशीर झाला. पोचलो तर जपान गायब. ऑगस्टच्या तपासणीत फ्रान्सच्या मुळांना कीड निघाली म्हणून बागेच्या ऑफिसने फ्रान्स उपटायला सांगितलेला. मी ओरडलो. ठेकेदार म्हणाला, ओरडतोस काय? पाटी वाचता येते आम्हाला.
ढिगातून मामीचं झाड काढलं. पाचवंच असणार. मला ओळखू येतं. घरी बादलीत लावलं.

५ ऑक्टोबर
भूतबीत मी मानत नाही. पण बादलीकडे पाठ केली की मामी हाक मारते. भर दुपारी. अरे मेल्या! एवढंच. वारा असेल. खिडकी बंद होती, ती गोष्ट वेगळी.

७ ऑक्टोबर
बादली जिन्यात ठेवली. आता हाक जिन्यातून येते, आणि घुमते.

८ ऑक्टोबर
बादली परत आत. अंथरुणाशेजारी. मामी, दोन शिव्या घाल हवं तर, पण वाक्य पुरं कर.

१९ ऑक्टोबर
फुटलं! मातीला टेकून हिरवागार कोंब! एकेका देठाला सात-सात पानं. बागेतल्या गुलाबांना पाचच. मामीच्या हाताचा गुण! हाकही बंद. म्हणजे माफी मिळाली. उद्या मामा यायच्या आत झाड वाफ्यात, पाट्या जागेवर. कुणाला पत्ता लागणार नाही.

२० ऑक्टोबर
मामा आला तो थेट जपानात. एवढ्या मोठ्या वाफ्यात एकच झाड. मग सगळं सांगावंच लागलं.
मामा उकिडवा बसला. पानं मोजली. परत मोजली. म्हणाला, सात आहेत. मी म्हटलं, हो ना! म्हणाला, रानगुलाबाला सात असतात. खुंट फुटलाय. तिचा डोळा मेला.
मी म्हटलं, मामा, थोबाडीत मार.
म्हणाला, गप्प बस जरा. डॉक्टरांनी डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही म्हणून सांगितलंय.