बावड्यात वाचलेली माझी शपथ

मंगळवार, संध्याकाळ

विसरायच्या आजारावर संशोधन करणाऱ्या पुण्याच्या ताईंना मी घरातलं एक गुपित सांगितलं होतं. सासूबाई रोज विचारतात, "माझा लेक आला का गं?" लेक म्हणजे आमचे मालक. ते जाऊन दोन वर्षं झाली. मी खंडोबाचा भंडारा उचलून सांगते, "कारखान्यावर पाळी हाय, येत्याल." तेव्हाच त्या जेवतात.

"अहवालात नाव येणार नाही," ताई म्हणाल्या होत्या. एरवी आम्ही कोरा पितो, त्यांना दुधाचा चहा केला होता.

आज बावडा गावात भरलेल्या बायकांच्या बैठकीत त्यांनी ते वाचून दाखवलं. नाव नव्हतं, पण भंडारा होता, पाळी होती, सासूबाईंचं वाक्य जसंच्या तसं. जाऊबाई फटकन म्हणाल्या, "व्हय गं, देवाची खोटी आण घेतीस? आन् आमी तुला लई देवभोळी समजत हुतो!" बायका हसल्या. ताई कागदातच बघत राहिल्या. नाव नाही घेतलं, म्हणजे झालं?

घरी येताच सासूबाईंनी विचारलं. जाऊबाई चौकटीत उभ्या होत्या. देवासमोर रोज भंडारा उचलणारा माझा हात जावेसमोर उचलेना.

ताट तसंच आहे. सासूबाई दाराकडे तोंड करून बसल्यात.