सुई कोणी लावली

सोमवार, ४ मार्च

त्या सकाळी मी दादाच्या आधी खाली आलो, रजई शिवायच्या मशीनचा स्क्रू सैल केला, सुई सरळ केली आणि स्क्रू पुन्हा आवळला. हात पुसले, देवाला नमस्कार केला आणि झाडू हातात घेतला. अर्ध्या मिनिटाचं काम. त्याला दीड वर्ष झालं. कागदावर आज पहिल्यांदा येतंय.

दादा सुई कायम केसभर उजवीकडे वळवून लावायचा. मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात मात्र स्पष्ट लिहिलंय – सुईची खाच बरोबर समोर. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंतच शिकलो, पण छापलेलं ते खरं, हे मास्तरांनी छडीनं पक्कं बसवलेलं. दादाला दोनदा म्हटलं. तो हसला. "पुस्तक लिहिणाऱ्यानं हे मशीन चालवलंय का रे?" सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला कोणी धाकटा म्हणून हसलं की राग येतो. मला आला. म्हणून गुपचूप सरळ केली.

साडेनऊला सुई तुटली. टोक दादाच्या उजव्या डोळ्यात गेलं.

सुई आदल्या संध्याकाळी त्यानंच लावली होती. म्हणून तो समजतो त्याचंच बोट चुकलं. आणि मी त्याला तसं समजू दिलं!

आज मशीनवरची चादर काढली. वहिनींनी लेकीसाठी रजईचा वरचा थर जोडून ठेवलाय. "भावजी, तिच्या नव्या घरी जायच्या आधी द्यायचीय. तुम्हीच चालवा आता." नाही म्हणायला तोंड नव्हतं.

मंगळवार, ५ मार्च

बारा फुटांची चौकट. वरचा थर, कापूस, खालचं अस्तर, तिन्ही दांड्यांवर ताणलेली. कापड हलत नाही, मशीनच रुळांवर फिरतं. दोन्ही मुठी धरून नक्षी काढायची, जमिनीवर रांगोळी काढतात तशी, फक्त उभ्यानं. दादा अशी सरसर पानंफुलं काढायचा. मी डबीतली एक वापरलेली सुई सरळ लावली, एक रेघ ओढली आणि चार टाके सुटले.

मला दिसायच्या आधी वरून काठी वाजली. ठक्!

दादा वरच्या खोलीत खिडकीशी बसतो. फरशीतून त्याला आवाज जातो. पुढे गेलो – पुन्हा टाका सुटला, पुन्हा ठक्! नंतर नंतर मला टाका सुटायच्या आधीच काठीचा भास व्हायला लागला.

वहिनी जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "काठीनं बोलताय दोघं भाऊ. तोंडं काय उधार दिलीत?"

वरून दादा, "डोळा एक गेला असेल, कान अजून दोन आहेत. सांग त्याला, दोरा तपास."

दोरा तपासला. सगळा काढून परत ओवला. फरक नाही.

गुरुवार, ७ मार्च

नवी सुई घातली. पूर्ण वरपर्यंत टेकवून, पुस्तकाप्रमाणे सरळ. संथ चालवलं. जाड सुई घालून पाहिली. टाके सुटतातच.

नवी सुई घातली की वहीत ओळ लिहायची – तारीख, सुई लावणारा. तुटली तर तिचे तुकडे त्याच ओळीसमोर चिकटवायचे. अख्खी सुई जुळेपर्यंत मशीन सुरू करायचं नाही. कोणाच्या अंथरुणात टोक राहिलं तर! दादानं घातलेला नियम.

आज ओळ लिहायला वही उघडली आणि ते पान आलं. वर दोन तुकडे. खाली, वेगळ्या पट्टीखाली, टोक. डॉक्टरांनी ते छोट्या बाटलीत घालून दिलं होतं. डोळ्यावर पट्टी बांधलेली असताना दादा म्हणाला होता, "वहीत चिकटव. सुई पुरी व्हायला हवी."

मी चिकटवलं. ती ओळ आदल्या दिवशी घाईत लिहायची राहिली होती, ती त्या दिवशी मी लिहिली. सुई लावणारा – दादा. माझ्याच अक्षरात. वळणदार अक्षर. मास्तर कौतुक करायचे त्याचं.

शुक्रवार, ८ मार्च

सुईखालची पट्टी काढून बोट फिरवलं. भोकाच्या कडेला बारीक ओरखडा लागला. पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केला. तेल दिलं. बॉबिनखालचा कचरा काढला. मनात म्हटलं, देवा, एवढंच असू दे.

रजईच्या मधोमध चांदणी आहे. तिची आठ टोकं एका ठिकाणी येतात, तिथे शिवणींचा जाड गठ्ठा होतो. मशीन तिथे पोचलं आणि – खट्! सुई तुटली. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. झाकल्यावर कळलं, आता झाकून काय उपयोग!

वरून काठी वाजली नाही. दादाचा आवाज आला. पडलेला आवाज. "लागलं का रे कुठं?"

"नाही दादा."

"डोळे बघ."

"ठीक आहेत."

तुकडे शोधायला तास गेला. टोक कापसात होतं. गुडघ्यावर बसून हुडकताना घामानं भिजलो.

सोमवार, ११ मार्च

जेवायला वर गेलो. दादा हात मांड्यांखाली घालून बसला होता. तो हल्ली असाच बसतो. वहिनींनी भरलेला पेला त्याच्या ओठांना लावला.

मी म्हटलं, "दादा, एक डोळा चांगला आहे की. पेला तरी धर."

"डोळ्याचं नाही रे. बोटं फितूर झालीत. तीस वर्षं सुई लावली, अंधारातही लावली असती मी. नुसत्या चिमटीनं कळायचं कुठे थांबायचं. आणि तीच बोटं चुकली. आता पेल्याचा काय भरवसा?"

वहिनी मला वाढता वाढता हळूच म्हणाल्या, "शर्टाची बटणंसुद्धा मीच लावते. डोळ्यानं एवढं नेलं नव्हतं हो, भावजी."



मंगळवार, १२ मार्च

मेकॅनिक येऊन गेला. बडबड्या माणूस. झाकण उघडून बॅटरी मारली आणि खो खो हसायला लागला.

"काका, हे मशीन आहे की म्हातारा बैल? हूक झिजलाय. सुई आणि हुकाचं टायमिंग सरकलंय. सुई अशी सरळ ठेवलीत तर हूक दोरा पकडणारच नाही. टाके सुटणार."

"पण पुस्तकात..."

"पुस्तक नव्या मशीनचं! आधी कोण चालवायचं? तो सुई जरा वळवत असणार. केसभर, उजवीकडे. त्याशिवाय हे एवढी वर्षं चाललंच नसतं. तो खरा उस्ताद!"

मी विचारलं. नको होतं विचारायला, तरी विचारलं. "सरळ ठेवली, तर तुटू शकते?"

"तुटणारच की! जाड जागी सुई वाकली की जाऊन हुकावर आपटते. तुमची तुटली ना? डोळ्यात नाही गेली, देवाची कृपा म्हणा."

मी चहा आणायच्या निमित्तानं बाहेर गेलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

जाताना म्हणाला, नवा हूक मिळायला महिना लागेल, तोवर वळवून चालवा.

गुरुवार, १४ मार्च

सुई वळवली. केसभर म्हणजे किती, हे कोणत्या पुस्तकात असतं? दहा वेळा सैल, दहा वेळा घट्ट. अकराव्या वेळी चिमटीत काहीतरी बसल्यासारखं वाटलं. क्षणभर असं वाटलं की माझ्या बोटांवर दुसरी बोटं आहेत. मान वळवून मागे पाहिलं! कोणी नव्हतं.

मशीन चाललं. चांदणीवरून गेलं, सुई तुटली नाही. वर काठी गप्प.

मग दादाचा आवाज. "वळवलीस?"

"हो. मेकॅनिक म्हणाला."

"मी तशीच लावायचो." मग म्हणाला, "त्या दिवशी जास्त वळली असणार."

हीच ती जागा होती. उघडी, समोर, कोणी अडवत नव्हतं. मी मशीन सुरू केलं. आवाजात लपलो.

शुक्रवार, १५ मार्च

सांगायचं म्हणून निघालो. जिन्याच्या पाच पायऱ्या चढलो. उतरलो.

रविवार, १७ मार्च

रजई झाली. कडा तेवढ्या दुमडायच्या राहिल्या. वहिनींनी हात फिरवून पाहिला. म्हणाल्या, "यांच्या हातचीच वाटते." 

सकाळी प्रार्थनेला बसलो. दीड वर्षं रोज एकच मागतोय – देवा, दादाच्या हातांना धीर दे. आज मागता मागता थांबलो. हे मी देवाकडे कशाला मागतोय? तो धीर तर माझ्याच खिशात आहे. दुसऱ्याची वस्तू खिशात घालायची आणि ती त्याला मिळू दे म्हणून देवापुढे हात जोडायचे. माझी मलाच लाज वाटली.

भीती दादाच्या रागाची नाही. राग तो करेल, करू दे. भीती ही की लहानपणापासून ज्या घरात माझं ताट वाढलं जातं, तिथे उद्यापासून नुसतं ताट असेल. वाढणारं कोणी माझ्याकडे बघणार नाही.

पण तो आपल्या हातांवर बसलाय. माझ्यामुळे.

सोमवार, १८ मार्च

सांगितलं.

वही वर नेली. ते पान उघडलं, 'दादा' खोडलं, शेजारी 'मी' लिहिलं, आणि काय खोडलं, काय लिहिलं, का लिहिलं, सगळं मोठ्यानं वाचल्यासारखं सांगितलं. वहिनी उठून आत गेल्या. दार लावून घेतलं. अजून उघडलेलं नाही.

 दादानं मांड्यांखालून दोन्ही हात काढले. खिडकीच्या उजेडात धरून, पालथे-उताणे करून पाहिले.

"म्हणजे माझी बोटं चुकली नव्हती?"

"नाही दादा."

"सुईच्या स्क्रूची किल्ली कुठाय?"

मी आधाराला हात पुढे केला. तो त्यानं धरला नाही. भिंत धरून एकटा खाली आला. मी लावलेली सुई काढली, दुसरी घातली. डोळे मिटून. एकाच वेळेत. 

मी वहीत आजची ओळ लिहिली. सुई लावणारा – दादा.