श्वास कुटं घेतोस

आबा, धाकटा अजून गातो. तुम्ही गेलात त्याला सोळा वर्षं झाली, आणि हे तुम्हाला सांगायचं राहिलं असं गेले काही दिवस मनात येत होतं. जुन्या कॅलेंडरची पानं मी फाडून ठेवते, त्यांची पाठ कोरीच असते. त्यावर लिहिते आहे. पूजा आटोपली, डाळ शिजते आहे, घरात कोणी नाही.

गातो म्हणजे तुमच्यासारखं नव्हे, ते रॅपच. त्रेचाळिसावं सरलं, दाढीत पांढरे केस आले, तळेगावच्या कारखान्यात पाळ्या करतो, गुडघा धरून जिना चढतो, आणि सुट्टीच्या दिवशी तोंडातल्या तोंडात शब्द पळवत असतो. तुम्ही त्याला पहिल्यांदा ऐकलंत तो दिवस मला नीट आठवतो. मी मळवलीला माहेरी आलेली, चुलीपुढे भाकरी थापते आहे, आणि हा तांदळाच्या डब्यावर बोटं आपटत बोलत सुटला आहे. सूर नाही, चाल नाही, नुसतं यमकावर यमक. शेतात बंगले उठले आणि शेताचे मालक त्याच बंगल्यांचे राखणदार झाले, असं काहीसं त्यात होतं. आई म्हणाली, कुणाशी भांडतोय का हा? मला वाटलं, आता तुम्ही डबा हिसकावून घेणार. गावच्या भजनी मंडळाचे तुम्ही जुने बुवा, आणि तुमच्याच घरात हे. पण तुम्ही उंबऱ्यावर बसून शेवटपर्यंत ऐकलंत आणि एवढंच विचारलंत, "समदं खरं, पण श्वास कुटं घेतोस?" तो गडबडला. त्याचा विचारच त्यानं केला नव्हता. पुढे महिनाभर तो श्वासाच्या जागा शोधत होता, हे मी आईकडून ऐकलं.

त्याच गाण्यानं त्याचं नाव झालं. तळेगावची, लोणावळ्याची कॉलेजातली पोरं ते तोंडपाठ म्हणत. मराठीत असं करणारे तेव्हा हातावर मोजावे इतके होते. मग दर दोन-तीन वर्षांनी वारं फिरू लागलं. कधी भराभर बोलायचं, कधी गालात सुपारी धरल्यासारखं पुटपुटायचं, कधी ठोकाच मोठा आणि शब्द नावाला. आता तर अर्ध्या मिनिटात काय ते, लोकांचं बोट मोबाईलवर पुढे सरकायच्या आत. रविवारी जेवायला आला की तो मला हे सगळं समजावून सांगे, जशी काही मीच परीक्षेला बसणार आहे. दहावीनंतर मी कसली परीक्षा दिली नाही, पण वाढता वाढता ऐकून घेत असे. दर वेळी तो थोडा बदलला आणि दर वेळी तगला. मला त्याचं नवल वाटलं नाही. तुम्हीही अभंगाला सिनेमाच्या चाली लावल्याच होत्या, आणि म्हाताऱ्यांनी पारावर तुम्हाला चार शब्द सुनावलेही होते.

पण गेल्या वर्षी त्यानं जे केलं ते तुम्ही केलं नसतं. हे त्यानं स्वतःच मला सांगितलं. केस रंगवले, आणि आवाज चिकट करून लांब ओढणारं एक यंत्र असतं, त्यातून अख्खं गाणं आधीच भरून नेलं. लोणावळ्याच्या एका हॉटेलच्या हिरवळीवर कार्यक्रम होता. आधी भरून ठेवलेल्या आवाजाबरोबर तोंड हलवता हलवता घसा सुकला म्हणून यानं सवयीनं बाटली तोंडाला लावली. गाणं आपलं चालूच राहिलं. पुढे बसलेला एक पोरगा म्हणाला, "काका, निवांत प्या पाणी. तुमचं गाणं तुमच्यावाचून चाललंय." सगळे हसले. पोरगा वाईट बोलला असं मी म्हणणार नाही. दिसलं ते बोलला.

त्यानंतर आठ महिने यानं गाण्यासाठी तोंड उघडलं नाही. पाळी, घर, झोप. मी विषय काढला नाही, त्याच्या बायकोनंही नाही. एका एकादशीला आला, मी त्याला भगर वाढली. ताटातलं चिवडत म्हणाला, "अक्का, माझं आता कुणाला काही काम नाही. आबांचे टाळ कुठंयत? तेच घेऊन बसतो मंडळात, म्हाताऱ्यांच्यात." मी म्हटलं, देवळात देऊन टाकले. देवापुढे लबाडी बोलू नये हे मला कळतं, आणि देव्हारा हाताच्या अंतरावर होता. पण भजन म्हणजे हरलेल्यानं टेकायची जागा नव्हे, असं मला त्या घटकेला वाटलं. निदान कारण तेच, असं मी मनाशी धरलं.

तुमचा आवाज फाटला ते वर्ष आठवतं का? माझं लग्न नवं होतं, सासूबाईंना घेऊन मी सप्ताहाला आले होते. वाटेत त्यांना सांगत आले होते की माझे आबा पुढे उभे राहून गातात. मांडवात पाहते तर पुढे शेजारच्या गावचा एक तरणा गडी, आणि तुम्ही मागच्या रांगेत टाळ घेऊन त्याचं ध्रुपद धरता आहात. सासूबाईंनी पदर नीट केला फक्त. स्वयंपाकाच्या मांडवामागे तुम्ही चहाला आलात तेव्हा मी तुम्हाला म्हटलं होतं, आबा, लाज वाटली मला. तुम्ही बशीत चहा ओतलात, फुंकर घातलीत आणि म्हणालात, "मागं उभं ऱ्हायलं की पुढचा कुटं दमतो ते कळतं. त्याला तितंच आपण लागतो." तेव्हा मला ते मन राखण्यासाठी बोलल्यासारखं वाटलं. धाकटा त्या वेळी मांडवाबाहेर पोरांत खेळत होता. त्याला मी हे कधी सांगितलं नाही, तुम्हीही सांगितलं नसावं.

दिवाळीनंतर एक मुलगी त्याला शोधत आली. डोंगरावरच्या ठाकरवाडीची, विशीतली, आईबरोबर बंगल्यांची झाडलोट करते. धाकट्याची खोली बेगडेवाडीला, भिंतीला भिंत लागलेली, शेजारी कुरकुरतात, म्हणून त्यानं तिला माझ्याकडे तळेगावला बोलावलं. स्वयंपाकघरात पाटावर बसून ती त्याला म्हणाली, "भाऊ, तुमचं गाणं आमच्या वाडीत समद्यांना येतं. पन मला तसं न्हाई करायचं. लय जुनं वाटतं ते."

"मग माझ्याकडं कशाला आलीस?"

"माझं शेवटचं शब्द कुनालाच ऐकू येत न्हाईत."

त्यानं तिला म्हणायला लावलं. वाडीच्या बोलीत, हंडे, पायवाट, बंगल्यातली कुत्री, त्यांना मिळणारं दूध. बोलत होती झकास, पण ओळ संपता संपता दम जाई आणि शेवटचा शब्द पोटात राही. तो डोळे मिटून ओट्यावर बोट आपटत होता. मग म्हणाला, "श्वास कुठं घेतेस?" मी कढईवर झाकण ठेवलं आणि गॅस बारीक केला, दोघांचं नीट ऐकू यावं म्हणून.

तो तिला म्हणाला, तू पुढं बोल, शेवटचा शब्द मी मागून धरतो, तेवढ्यात तू दम घे. ती म्हणाली, "लोक म्हनतील, भाऊ मागं पडलं."

"पडलोच आहे," तो म्हणाला. "आता उभं राहून बघू."

माघात लोणावळ्याच्या एका मैदानावर दुपारचा कार्यक्रम झाला, तिथे मी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. छत्रीच्या सावलीत, कडेला, खुर्ची टाकून बसले. ती पुढे, हा दोन पावलं मागे, कारखान्याचाच शर्ट घातलेला, केसांचा रंग उतरलेला. तिची ओळ संपत आली की शेवटचा शब्द दोघांच्या तोंडून येई आणि मैदानाच्या टोकाला पोचे. मध्येच तिला ठसका लागला. हा एक पाऊल पुढे आला, चार ओळी म्हणाला, तिथल्या तिथे जुळवलेल्या, आणि ती सावरताच मागे गेला. पाण्याची बाटली त्यानं तिच्याच हातात दिली. पोरं ओरडली ती तिच्यासाठी. तो कोण हे पुष्कळांना ठाऊकही नसावं. उतरल्यावर गाणारे आणखी दोघं जण त्याच्याकडे आले, आमच्याही मागं उभं राहाल का म्हणून विचारू लागले. तो म्हणाला, "आधी म्हणून दाखवा." आता रविवारी माझ्या स्वयंपाकघरात कोणी ना कोणी असतं, चहाची पातेली मोठी लागते, आणि ती पोरं गेली की हा माझ्याच ओट्याशी उभा राहून स्वतःचं नवं काही लिहितो. आठ महिने लिहिलं नव्हतं त्यानं. त्याचं पूर्वीसारखं नाव परत होईल असं मला वाटत नाही. त्यालाही वाटत नसावं.

तुमचे टाळ त्या दिवशी माझ्या पिशवीत होते, नॅपकिनात गुंडाळलेले. तिथेच देईन म्हणून नेले आणि तसेच परत आणले. त्याला आता त्यांची गरज नाही, असं येताना गाडीत स्वतःला समजावलं. हे पान त्याच नॅपकिनात ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? खरं एवढंच, आबा, की घरात कोणी नसलं की एकादशीला दार लावून मी ते वाजवते. तुम्ही मला शिकवलं नव्हतंत, चुलीपाशी बसून ऐकलं तेवढंच. अभंग मी पुरा म्हणते, पण ओळीच्या शेवटी माझाही दम पुरत नाही. तो शब्द मी तसाच सोडून देते.