चिंबोरीचं बीळ

मुरबाड,
२४ जुलै २००३

प्रिय पल्लवी,

रविवारी मला कायमचं कल्याणला न्यायला येतेस म्हणालीस आणि मी फोनवर हो म्हटलं. तुझे बाबा गेल्यापासून मला कशालाही हो म्हणायची सवय लागली आहे. पण आधी हे वाच.

पंधरा-वीस दिवसांपूर्वी शेजारची जिवली दारात आली. "चल गो, चिंबोऱ्या धरू. घरात बसून तूच चिंबोरी झालीस!" आपल्या बागेमागच्या ओढ्यावर गेलो. काठाच्या मातीत खेकड्याचं असावं तसं एक गोल बीळ दिसलं. मी चिंबोरी ओढायची तार आत खुपसली, तसा आतून जांभळा-पिवळा गोळा माझ्या कानाजवळून सुटला. चिमणीपेक्षा लहान पाखरू, लालभडक चोच. बिळातून बारीक चिवचिव येत होती. मी तार बाहेर ओढली. तार किती आत गेली होती, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच करंजाच्या आड जाऊन बसले. दोन तास काहीच नाही. मग ते आलं, चोचीत इवलीशी चिंबोरी घेऊन, आणि बिळात शिरलं. मी तिथेच रडले. घरी इतके महिने जमलं नव्हतं.

वाचनालयातल्या पुस्तकात नाव सापडलं, तिबोटी खंड्या. पायाला तीनच बोटं. जिवली म्हणाली, "पुस्तकं वाचून डोकं फिरलंय तुझं. चिंबोरीच्या बिळात कुठं पाखरू असतंय? मी एक दिवस उकरणार." मग बाबांचा कॅमेरा काढला. फोटोवाल्या सतीशकडून रोल घालायला शिकले. छत्तीसपैकी चौतीस फोटो चिखलाचे, एक माझ्या अंगठ्याचा. उरलेला सोबत पाठवते आहे. जिवलीने तो दारात उजेडाला धरून पाहिला. "आपल्या ओढ्यावर हे असं? आन् मला नाय दाखवलंस!" आता चिंबोऱ्यांना आलेल्या बायकांना तीच खालच्या वळणावर पिटाळते.

काल दोन पिल्लं उडाली. आत आधी किती होती, ते मला कधीच कळणार नाही.

बीळ रिकामं आहे, तरी आज सकाळी मी बागेत गेले. कुणी बोलावलं नव्हतं. बांबूत एक वेगळंच पाखरू शीळ घालत होतं, त्याचं नाव अजून शोधायचं आहे. पल्लवी, मी कल्याणला येत नाही. एकटीने राहवणार नाही असं तुला वाटलं, मलाही वाटलं होतं. रविवारी नक्की ये, जेवायलाच ये. आणि येताना दोन रोल आण.

तुझीच,
आई